पाठमोरी मालगाडी

आमच्या सोसायटीतले शिरसाट काका मालगाड्यांचे फोटो काढतात. एवढ्यावरच थांबलं असतं तर मी काही लिहायला बसले नसते. माणसांना नाही नाही ते छंद असतात. आमच्याच तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ अत्तराच्या रिकाम्या बाटल्या जमवतात आणि त्यांना कोणी काही म्हणत नाही. पण शिरसाट काका मालगाडीचा फोटो काढतात तो पाठीमागून. इंजिन येतं, भोंगा देतं, निघून जातं. काका कॅमेऱ्याला हातही लावत नाहीत. मग मालाच्या वाघिणी येतात, एकीमागून एक, संपता संपत नाहीत. काका ढिम्म. अगदी शेवटी गार्डचा तो छोटासा डबा दिसला की हे गृहस्थ प्लास्टिकच्या स्टुलावरून उठतात, श्वास रोखतात आणि खटाखट बटण दाबत सुटतात. तेसुद्धा तिन्हीसांजेला, समोरून येणारा माणूस ओळखू येत नाही अशा वेळी.

फोटो अर्थातच काळे येतात. त्याचा दोष काका मला देतात.

मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. हे पद मी मागितलेलं नव्हतं. मीटिंग चालू असताना चहा आणायला आत गेले आणि ट्रे घेऊन बाहेर येईपर्यंत एकमताने निवडून आले होते. आमची बिल्डिंग चिखलोलीत, अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधोमध, रुळांना अगदी खेटून. इथे स्टेशन होणार, असं बिल्डरने सांगितलं म्हणून आम्ही सगळ्यांनी इथे घरं घेतली आणि अजूनही रोज कल्याणला जायचं तर आधी रिक्षाने अंबरनाथ गाठतो. असो. मी सेक्रेटरी झाले त्याच वर्षी पतंग उडवणाऱ्या कोणीतरी पाण्याच्या टाकीवर उभं राहून टाकीचं झाकण फोडलं. तेव्हापासून मी गच्चीला कुलूप घातलं. संध्याकाळी फेऱ्या मारायला येणाऱ्यांसाठी तेवढं ते उघडायचं आणि अंधार पडला की पुन्हा लावायचं, असा ठराव केला. सगळ्यांनी हात वर केले. एक हात खाली राहिला.

"सेक्रेटरी मॅडम," काका म्हणाले, "उजेड असतो तेव्हा तुमचं कुलूप. कुलूप निघतं तेव्हा उजेड जातो. मी निषेध नोंदवतो."

हा त्यांचा आवडता शब्द. काकांची सगळी नोकरी अंबरनाथ पूर्वेच्या एका रंगाच्या कारखान्यात झाली, आणि त्यातली निम्मी युनियनमध्ये. पुढे कारखाना बंद पडला, युनियन विरघळली, निषेध तेवढा शिल्लक राहिला. तो ते आता मिळेल तिथे वापरतात. भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी बारीक दिली, निषेध. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आतून निषेध. माझ्या नवऱ्याने एकदा त्यांना 'कसं काय काका, बरंय ना' असं सहज विचारलं, तर "बरं कसं असेल?" असं म्हणून त्यांनी त्याला जिन्यातच अर्धा तास उभा केला. तेव्हापासून माझा नवरा त्यांना नुसताच हसून दाखवतो.

कॅमेऱ्याचीही एक कथा आहे. तो त्यांनी उल्हासनगरच्या बाजारातून घेतला. कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त आहे, पण दुकानदाराने "साईं, एकदम ओरिजिनल माल है" असं सांगितलं होतं. गॅरंटी किती, तर म्हणाला, दुकान है तब तक. काका पुढच्या वेळी गेले तेव्हा त्या दुकानात मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. काकांनी कव्हरांसमोर उभं राहून निषेध नोंदवला आणि घरी आले. त्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं की तो थोडा विचार करतो आणि मग फोटो काढतो. गाडी काही त्याच्यासाठी थांबत नाही.

थांबते तेव्हा तर विचारूच नका. आमच्या समोर मालगाडी लोकलसाठी थांबवून ठेवतात. तिचं पुढचं तोंड आमच्या बिल्डिंगसमोर असतं आणि शेपूट पार तिकडे झाडीत. काका गच्चीच्या कठड्यावर मूठ आपटत राहतात. एकदा मी ऑफिसातून येऊन जिना चढत होते, तर हे वरून उतरत होते. मला बघून म्हणाले, "आलात? वेळेवर?"

मी म्हटलं, "हो. का?"

"तुम्हाला वेळेवर यायला मिळावं म्हणून तिकडे मालगाडी केव्हाची उभी करून ठेवलीय. तुमचा गहू कोण आणतं? सिमेंट कोण आणतं? या बिल्डिंगचं लोखंड कोणी आणलं? आणि बाजूला उभं कोणाला करायचं, तर तिलाच. त्यात कोणी माणूस बसलेलं असतं मॅडम. त्याला तहानभूक असते. याचा विचार करायचा नाही, लोकलमधून उतरायचं आणि टकटक चपला वाजवत घरी यायचं."

जशी काही मीच रुळांवर उतरून हात दाखवून ती गाडी थांबवली होती. दिवसभर विम्याच्या ऑफिसात लोकांची बोलणी खायची, आणि घरी आल्यावर जिन्यात मालगाडीच्या वतीने पुन्हा खायची. मला इतका राग आला की पोळ्या लाटताना लाटणं हातातून सुटून ओट्याखाली गेलं.

बरं, रेल्वेचा एवढा कळवळा असलेल्या माणसाने रेल्वेचा शेजाऱ्यांना काही उपयोग करून द्यावा की नाही? काकांना प्रज्ञा नावाची एकुलती एक मुलगी. काकू गेल्या तेव्हा ती कॉलेजात होती. पुढे परीक्षा देऊन रेल्वेत लागली आणि कल्याणला मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायला लागली. सुट्टीला येते, दोन दिवस झोपते, जाते. ती रेल्वेत लागल्याचे पेढे काकांनी वाटले तेव्हा बिल्डिंगमध्ये आनंदीआनंद झाला. रेल्वेत म्हणजे तिकीट खिडकीवर, आणि खिडकीवर म्हणजे गणपतीत कोकणातलं रिझर्व्हेशन, हा हिशेब सगळ्यांच्या मनात एकदमच झाला. आमचं गाव कणकवलीकडे. मी सगळ्यांच्या आधी पोचले. गोड बोलले, जाताना कुळथाचं पीठ नेलं.

काकांनी पीठ घेतलं आणि म्हणाले, "माझी मुलगी तिकिटं विकत नाही."

"मग काय करते?" एवढं विचारायला हवं होतं. पण मी म्हटलं, "नसेल करायचं तर नका करू, काका. एवढं तोडून बोलायची गरज नव्हती." आणि तणतणत वर आले. त्या वर्षी आम्ही एसटीने गेलो. कुळथाचं पीठ मात्र वाया गेलं नाही, कारण दुसऱ्याच दिवशी काकांनी त्याच्या पिठल्याची वाटी आम्हाला आणून दिली. माणूस असा की धड भांडूही देत नाही.

बुद्धपौर्णिमेला ते सगळ्या घरी खीर देतात. ज्यांच्या नावाने वर्षभर निषेध केला त्यांच्या खिरीत बदाम जरा जास्तच असतात. अशाच एका पौर्णिमेला वाटी परत करायला गेले, तर काका कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि हातात भिंग. पडद्यावर एक काळाभोर फोटो, त्यात एक लाल ठिपका. त्या ठिपक्याशेजारच्या काळोखात काका भिंगातून काहीतरी शोधत होते.

"हे काय बघताय?"

"माणूस."

मग त्यांनी मला दाखवायला सुरुवात केली. सगळे फोटो सारखे. मालगाडीचं बूड, लाल दिवा, आणि डब्याच्या मागच्या उघड्या सज्जात कोणीतरी धुरकट उभं किंवा बसलेलं. "हा मिशीवाला. हा लांबून हात करतो. हा नवा दिसतोय, दांड्याला घट्ट धरून उभा आहे बघा. हे साहेब बसूनच असतात, कंबर धरत असेल. तो डबा फार हादरतो मॅडम, आतली हाडं खिळखिळी होतात." मी विचारलं, "पण काका, इंजिनाचा का नाही काढत? निदान दिसेल तरी काही." त्यावर म्हणाले, "इंजिनाचे सगळेच काढतात." आणि पुढच्या काळोखाला भिंग लावलं. मला त्या माणसाची कीव आली आणि त्याहून जास्त चीड आली. सरळ चांगल्या माणसाने डोळे असे फुकट घालवावेत. डोळे तर आधीच अधू, दोन्हींत मोतीबिंदू पिकत चाललेला.

आणखी एक गोष्ट मला खटकायची. मी सगळ्यात वरच्या मजल्यावर, काका बरोबर माझ्या खाली. मधल्या डक्टमधून त्यांच्या स्वयंपाकघराचा दिवा दिसतो, भांडी वाजली की ऐकू येतात. काही संध्याकाळी ते गच्चीवरून गुणगुणत उतरायचे, मग दिवा लागायचा, भाकरी थापल्याचा आवाज यायचा. काही संध्याकाळी पाय आपटत उतरायचे आणि दिवा लागायचाच नाही. मी नवऱ्याला म्हणायचे, आज फोटो बिघडला वाटतं. फोटो बिघडला म्हणून उपाशी झोपणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आता मुख्य भांडणाकडे येते. माझं घर गळतं. गळतं म्हणजे भिंतीला जरा ओल येते असं नाही. पावसाळ्यात बेडरूमच्या छतातून अशी धार लागते की आम्ही पलंग जिथे ठेवतो तिथून दुसरीकडे नेतो, आणि धारसुद्धा मागून येते. गच्चीवर डांबर ओतून झालं, रसायन लावून झालं, चिनी मोझेकच्या फरशा बसवून झाल्या. एकच उपाय उरला, गच्चीवर पत्र्याची शेड. अख्ख्या अंबरनाथ-बदलापुरात, कात्रपपर्यंत बघत जा, प्रत्येक बिल्डिंगच्या डोक्यावर निळी नाहीतर हिरवी शेड दिसेल. आमचीच तेवढी बोडकी, कारण शिरसाट काका.

मीटिंगमध्ये दर वेळी त्यांचा विरोध आणि दर वेळी कारण वेगळं. एकदा म्हणाले, वाऱ्याने पत्रे उडून रुळावर जातील. एकदा म्हणाले, पत्र्याखाली कबुतरं घर करतील. एकदा तर म्हणाले, माणसाच्या डोक्यावर आकाश असणं हा त्याचा हक्क आहे. मी म्हटलं, "काका, माझ्या डोक्यावर आकाशच आहे, थेट बेडरूममध्ये येतं." लोक हसले, काका हसले नाहीत. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. शेड सर्वांत खाली उतरणार होती ती रुळांकडच्या कोपऱ्यात, आणि पागोळ्या आत येऊ नयेत म्हणून त्या बाजूला उभे पत्रेही लागणार होते. म्हणजे काकांचा स्टूल जिथे असतो तिथून रूळ दिसणार नव्हते. एका माणसाच्या काळ्या फोटोंसाठी मी दोन पावसाळे छत्री उघडून झोपायचं बाकी ठेवलं होतं. शेवटी दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये शेड बहुमताने मंजूर झाली. काकांनी निषेध नोंदवला आणि या खेपेला कारणच दिलं नाही. नुसते उठून गेले.

माप घ्यायला उल्हासनगरचे मनोहरशेठ आले, शेडचे कंत्राटदार. मी ऑफिसातून निघाले होते तेवढ्यात त्यांचा फोन.

"मॅडम, आप जल्दी आओ. तुमचे अंकल कोपऱ्यात स्टूल टाकून बसलेत. बोलते हैं, पिलर डालना है तो मेरे ऊपर डालो. अब मैं अंकल पे कैसे डालूँ, साईं?"

मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून थेट गच्चीवर गेले. उन्हं कलली होती. मनोहरशेठ टाकीला टेकून तंबाखू मळत होते. काका कोपऱ्यात. एका डोळ्याचं ऑपरेशन आदल्याच दिवशी झालेलं, त्यावर पट्टी, मांडीवर कॅमेरा. खरं म्हणजे त्यांनी घरात पडून राहायला हवं होतं. जिना चढताना मी जे जे ठरवलं होतं ते सगळं बोलले. म्हटलं, "काका, आज काय ते एकदाचं होऊन जाऊ दे. माझ्या गाद्यांना बुरशी आली. माझ्या कपाटाचं दार फुगून लागत नाही. माझा नवरा बिचारा बोलत नाही म्हणून, नाहीतर दुसरा कोणी असता तर घर विकून मोकळा झाला असता. आणि तुम्हाला त्या मालगाडीच्या बुडाचे फोटो पडलेत."

"हो," काका म्हणाले. "पडलेत."

तेवढ्यात बदलापूरच्या बाजूने भोंगा ऐकू आला. काका ताडकन उठले, तोल गेला, मी दंड धरला.

"मॅडम, भांडण तेवढं धरून ठेवा. हा कॅमेरा घ्या."

"मी?"

"या डोळ्याला पट्टी. त्या डोळ्याला तुमचं तोंडसुद्धा दिसत नाही. मनोहरशेठचा हात तंबाखूने हलतो. घ्या लवकर. कठड्यावर टेकवा. इंजिनाचा नको."

इंजिन गेलं. वाघिणी जायला लागल्या. काका माझ्या कानाशी म्हणत होते, "आत्ता नाही. आत्ता नाही. थांबा. आत्ता नाही." त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. मग म्हणाले, "आत्ता." मी बटण दाबलं, कॅमेऱ्याने विचार केला, फोटो निघाला. लाल दिवा लांब जात राहिला.

"मोठा करून बघा. कोण आहे?"

मी फोटो मोठा केला. सज्जात पांढऱ्या युनिफॉर्ममधलं कोणीतरी उभं होतं. एक हात दांड्याला, दुसरा वर. मागे वेणी. मी म्हटलं, "बाई आहे काका."

"मुलगी आहे. माझी. हातात बघा काय आहे."

"टिफिन दिसतोय. स्टीलचा."

"तोंड वर की खाली?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, आता जरा ओरडूनच. मी नीट पाहिलं. "वर आहे. सरळ धरलाय."

काका स्टुलावर बसले. "म्हणजे जेवली नाही," ते म्हणाले. "दिवस बुडायला आला आणि अजून जेवली नाही. सकाळची निघालेली असणार. कुठेतरी उभी करून ठेवली असेल, मागे ना माणूस ना काणूस, पाणी आणायला उतरायची सोय नाही. मी निषेध..." मनोहरशेठ तंबाखू मळायचे थांबले होते.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. प्रज्ञा मालगाडीवर गार्ड आहे. "आता ट्रेन मॅनेजर म्हणतात," काका म्हणाले. "नाव बदललं, डबा तोच." तिच्या ड्यूटीला वेळकाळ नाही, कॉल आला की निघायचं, आणि गाडी कुठे किती थांबेल ते कोणाला माहीत नाही. ड्यूटीवर फोन बंद. सुरुवातीला काका तिला रोज विचारायचे, जेवलीस का. ती रोज म्हणायची, जेवले बाबा. एकदा घरी आली तेव्हा बॅगेत दोन दिवसांचा टिफिन आंबलेला सापडला. शाळेतसुद्धा ती अशीच करायची, डबा कावळ्यांना घालायची आणि आईला सांगायची, संपवला. त्यानंतर काकांनी एका स्टेशनमास्तरला फोन करून विचारलं की अमक्या गाडीच्या गार्डने जेवण केलं आहे की नाही ते बघून सांगा. प्रज्ञाची लाइनवर इतकी थट्टा झाली की ती महिनाभर बापाशी बोलली नाही. मग तिनेच तोड काढली. फोन करायचा नाही. गाडी चिखलोलीवरून जाईल तेव्हा गच्चीवर उभं राहायचं. जेवण झालं असेल तर ती टिफिनचं झाकण काढून तो उलटा धरील. नसेल तर सरळ.

"खोटं दाखवणार नाही कशावरून?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"भरलेला टिफिन उलटा धरून बघा," काका म्हणाले. "आमटी अंगावर येते. पांढरा युनिफॉर्म आहे. तिच्या आईचा टिफिन आहे तो, झाकण कितीही दाबलं तरी गळतो."

म्हणून पाठीमागून. म्हणून कॅमेरा, कारण मोतीबिंदूने डोळ्यांना एवढ्या लांबचं दिसेना. म्हणून भिंग. कोणत्या गाडीला ती असेल ते ठाऊक नाही, म्हणून प्रत्येक गाडी. आणि तिन्हीसांजेलाच का, तर गच्चीचं कुलूप तेव्हाच निघतं म्हणून. म्हणजे माझ्यामुळे.

मला भयंकर राग आला. स्वतःचा आला असं सांगायला बरं वाटलं असतं, पण आला तो काकांचाच. "तीन-तीन मीटिंगा झाल्या, काका. वारा, कबुतरं, आकाश, काय वाट्टेल ते सांगितलंत. हे एकदा सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" काका म्हणाले. "मुलगी रेल्वेत लागली म्हटल्यावर सगळे तिकिटं मागायला आले. ती काय करते ते एकाने विचारलं नाही. आणि ज्या नातेवाइकांना कळलं त्यांनी काय म्हटलं माहितेय? शिरसाटाने पोरगी शिकवली आणि मालगाडीच्या शेपटाला बांधली. तिचं जमत आलेलं लग्न त्यावरून मोडलं. मग मी सांगायचंच बंद केलं." एवढं बोलून ते उठले. "निघतो. तुम्ही तुमचं माप घ्या."

"अंकल, बैठो," मनोहरशेठ म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मॅडम, एक काम करते. वो कोना खुला छोड देते. शेड इथपर्यंत आणू, पुढे खाली ठेवू. तुम बोलो तो."

मी विचारलं, "त्या कोपऱ्याखाली कुठली खोली येते?"

त्यांनी पावलं टाकून बघितलं. "आपका बेडरूम."

मी शिरसाट काकांकडे पाहिलं. ते जिन्याच्या दाराशी पाठमोरे उभे होते आणि पट्टीखालून बोटाने काहीतरी पुसत होते, जे ऑपरेशननंतर अजिबात करायचं नसतं. मी त्यांच्यावर ओरडले की डोळ्याला हात लावू नका. आणि मनोहरशेठना म्हटलं, सोडा तो कोपरा.

शेड झाली. निळी. सगळ्या गच्चीवर आहे, एक कोपरा सोडून. आता त्या कोपऱ्याबद्दल मला मीटिंगमध्ये जाब विचारतात, सेक्रेटरींनी स्वतःच्या अधिकारात कंत्राटदाराशी काय ठरवलं म्हणून, आणि मी सांगते की तो हवा खेळायला ठेवला आहे. गच्चीच्या कुलपाची दुसरी किल्ली करून मी काकांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली आणि म्हणाले, ही इतक्या वर्षांपूर्वीच द्यायला हवी होती. आभार वगैरे काही नाही. पावसाळ्यात आमच्या बेडरूममध्ये आता एकाच जागी धार लागते, त्यामुळे बादली हलवावी लागत नाही. नवऱ्याच्या मते ही प्रगतीच आहे.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन परवा झालं. प्रज्ञा रजा घेऊन आली होती, पण दुपारी कॉल आला. माणसं कमी होती, जावं लागलं. काकांना जिना चढायचा नाही, वाकायचं नाही, उजेडात बघायचं नाही. मी ऑफिसातून लवकर आले, त्यांच्याकडे ताट झाकून ठेवलं आणि म्हटलं, जेवून घ्या. काळा चष्मा लावून ते खुर्चीत ताठ बसले होते. ताटाकडे वळलेही नाहीत. कॅमेरा पुढे करून म्हणाले, "अंधार पडायच्या आत वर जा."

मी गेले. स्टुलावर बसले. एक मालगाडी गेली, तिच्यावर मिशीवाला होता. त्याने हात केला, काका नाहीत हे बघून जरा गोंधळला, आणि मग मलाही केला. दुसरी खूप वेळाने आली. शेवटचा डबा आला तेव्हा मी कॅमेरा उचललाच नाही, माझे डोळे चांगले आहेत. प्रज्ञा सज्जात उभी होती. तिने टिफिन वर धरला. सरळ.

मी कठड्यावरून वाकून ओरडले, "अगं जेव की." तिला अर्थातच ऐकू गेलं नाही. समोरच्या बिल्डिंगमधले तेवढे लोक खिडकीत आले.

खाली गेले. काका तसेच बसले होते. दार वाजताच म्हणाले, "दिसली?"

"दिसली."

"टिफिन?"

"उलटा," मी म्हटलं.

त्यांनी कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला. मी सांगितलं, फोटो काळा आलाय, पण मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग चाचपडत ताटावरचं झाकण काढलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. "मग जेवतो आता," म्हणाले. "भूक लागली होती."

ते जेवेपर्यंत मी समोर बसले. वर आले तेव्हा डक्टमधून त्यांच्या स्वयंपाकघराचा दिवा दिसत होता. मी प्रज्ञाला मेसेज लिहिला, ड्यूटी सुटल्यावर वाचेल म्हणून: "टिफिन सरळ होता. तुझ्या बाबांना मी उलटा सांगितला. ते जेवले. असं पुन्हा सांगणार नाही. सोसायटीच्या वतीने निषेध नोंदवते. आधी जेव."